होरा ते एग्याली, अमोर्गोस: पन्नाशीतल्या जोडप्याला ही वाट जमेल का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका बाईंनी विचारलंय: "मुलगा जर्मनीत असतो. यंदा तो म्हणतोय, ग्रीसच्या अमोर्गोस बेटावर भेटू आणि होरा गावापासून एग्यालीपर्यंतची जुनी पायवाट तिघं मिळून चालू. वाटेची श्रेणी 'मध्यम' दिली आहे. मी ५४ची, हे ५८चे. मी रोज कमाटीबागेत चालते. ह्यांचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो. आम्ही दोघंही शाकाहारी. मे अखेर जावं की दिवाळीच्या सुट्टीत, ते ठरत नाहीये. ताई, वाटाड्या लागेल का? आणि खरंच जमेल का?"

जमेल. मे अखेर पक्का करा. मुक्काम एग्यालीला ठेवा, सकाळच्या बसने होराला जा आणि चालत मुक्कामी परत या. यजमानांच्या गुडघ्यासाठी बडोद्याजवळच्या पावागड डोंगराची चढ-उतर आतापासूनच धरा, तिकिटं हातात पडायची वाट बघू नका. मी बडोद्याहून सह्याद्रीत गट नेते, ग्रीक बेटांवरही नेते. ह्या वाटेवर आपल्याकडची माणसं कुठे थकतात ते बघितलेलं आहे, आणि चढावर फारसं कुणी थकत नाही.

आधी त्या 'मध्यम'चं बघू. श्रेणी ठरवणारा माणूस अंतर बघतो, चढ-उतार मोजतो, कुठे हात टेकावे लागतात का ते बघतो. इथे अंतर १४-१५ किलोमीटर, आणि चांगल्या चालीच्या माणसाला साडेचार-पाच तास लागतात. होरा डोंगरावर साडेतीनशे-चारशे मीटर उंचीवर वसलंय, एग्याली थेट समुद्राला लागून. म्हणजे ह्या दिशेने निघालात तर चढापेक्षा उतार जास्त. दोर कुठे लागत नाही, कडा कुठे चढायचा नाही. श्रेणी चुकीची दिलेली नाही. फक्त तिच्यातून एक गोष्ट कळत नाही: मध्येच कुणाचं बिनसलं तर वाट सोडून गाडीरस्त्यावर कुठे येता येईल? कुठल्याही वाटेचा नकाशा उघडला की मी आधी त्या जागा शोधते. होरा-एग्याली वाटेवर अशा जागा मोजून तीन: होझोव्हियोटिसाचा मठ, आस्फोन्डिलीटिस नावाची जवळजवळ ओस पडलेली वाडी, आणि शेवटाला पोटामोस गाव. मठ सोडला की वाडी येईपर्यंत चांगल्या चालीने दोन-अडीच तास, तुमच्या चालीने तीन. एवढ्या पट्ट्यात सहज बाहेर पडता येत नाही. उजव्या हाताला उतार समुद्राकडे जातो, डाव्या हाताला बेटाचा कणा. झाड नाही, दुकान नाही, पिण्याजोगं पाणी नाही. सगळी तयारी ह्या तीन तासांसाठी करायची. ते नीट पार पडले की उरलेली वाट निभते.

बेटाचा आकार डोळ्यांपुढे असला की वाट समजायला सोपी जाते. अमोर्गोस हे सिक्लाडीस बेटांतलं सगळ्यांत पूर्वेकडचं बेट. लांबी तीसेक किलोमीटर, रुंदी मात्र बेताची, काही ठिकाणी तर दोन-तीन किलोमीटरच. मधून डोंगराची रांग गेलीये, ईशान्येकडचा क्रिकेलोस आठशे मीटरच्या वर जातो. वस्ती दोन हजारांच्या आसपास. एवढ्याशा बेटाला बंदरं मात्र दोन, नैर्ऋत्येकडच्या भागात काटापोला आणि ईशान्येकडे एग्याली. मोटाररस्ता होण्याआधी एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर हीच पायवाट आणि खेचर, नाहीतर होडी. त्यामुळे ही वाट हौशी लोकांसाठी आखलेली नाही. ओझ्याची जनावरं चालावीत म्हणून दगड बसवून ती बांधलेली आहे. अशा वाटेला तिकडे काल्देरिमी म्हणतात. तिच्या पायऱ्या बुटक्या, लांब आणि पुढे कललेल्या असतात. माणसाच्या पावलाचं माप त्यांना बसत नाही; एका पायरीवर कधी दीड पाऊल पडतं, कधी दोन. चुनखडीचे हे दगड वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेत आणि कोरड्या दिवसातही पाय सरकतो. कमाटीबागेतलं रोजचं चालणं दमासाठी उत्तम, पण घोट्यांना आणि मांड्यांना असल्या दगडांची सवय त्याने होत नाही. बडोदं सपाट आहे, त्याला आपण काय करणार!

म्हणून पावागड. डोंगराच्या मध्यावरच्या माचीपासून माथ्यावरच्या देवळापर्यंतच्या पायऱ्या सरळ आणि एकसारख्या आहेत, त्या चढून दम वाढतो. पण तुम्हाला हवी असलेली सवय लागेल ती पायथ्याच्या चांपानेरहून माचीपर्यंत किल्ल्याच्या दरवाज्यांमधून जाणाऱ्या जुन्या वाटेवर. तिथला दगड वेगळा आहे, पण ओबडधोबडपणा तोच. सुरुवातीचे काही रविवार चालत वर जा आणि देवळाखालून माचीपर्यंत रोपवेने उतरा. मांड्यांत जरा ताकद आली की उलटं करा: रोपवेने वर, चालत खाली. लोकांना हे उफराटं वाटतं, पण गुडघ्याची परीक्षा उतारावर होते आणि तुमची वाट उतरतीच आहे. नवरात्र आणि पौर्णिमा टाळा, गर्दीत पाऊल बघून टाकता येत नाही.

घरी जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर उभं राहायचं, कठड्याला बोट टेकवायचं आणि एक पाय अगदी सावकाश, मनात चार आकडे मोजत, जमिनीवर टेकवायचा. परत वर. दोन्ही पायांनी, रोज. उतरताना शरीराचा भार पेलायचं काम मांडीचा पुढचा स्नायू करतो आणि तो कमी पडला की सगळं गुडघ्यावर येतं. यजमानांचा गुडघा नुसता कुरकुरत असेल तर ह्या व्यायामाने फरक पडतो. सूज येत असेल, गुडघा अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल तर मात्र पायऱ्या-बियऱ्या राहू द्या, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

काठ्या दोन घ्या, एक नको. उतारावर त्यांची लांबी थोडी वाढवायची, दोन्ही काठ्या आधी खाली टेकवायच्या, मग पाय. पहिल्यांदा वापरणारा माणूस उलटं करतो: पाय आधी टाकतो आणि काठी मागून ओढत आणतो. मग काठीचा उपयोग शून्य. हे पावागडलाच घोटून घ्या. बूट उंच घोट्याचेच हवेत असा माझा आग्रह नाही; तळव्याला खोल खाचा, रबर मऊसर, आणि पुढे अंगठ्याला अर्धा इंच जागा, एवढं बघा. उतारावर बोटं पुढे सरकून नखं काळी पडतात ती ह्याच जागेअभावी. बूट नवे कोरे घेऊन विमानात बसू नका.

आता दिवस कसा जातो ते सांगते. एग्याली ते होरा बेटाची बस चालते, पण फेऱ्या ऋतूप्रमाणे बदलतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारून वेळ पक्की करा. पुष्कळ लोक होराला राहतात, चालत एग्यालीला येतात आणि मग परतीच्या बसच्या धास्तीने शेवटचा तास धावतात. बरेचसे पाय त्याच तासात मुरगळतात. तुमचं अंथरूण एग्यालीत असलं की उशीर झाला तरी कुणाचं काही अडत नाही. मे अखेरीस तिकडे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो.

होरा हे पांढऱ्या घरांचं, गल्लीबोळांचं गाव. तिथून मठाकडे उतरणारी नागमोडी फरसबंद वाट अर्ध्या तासाची. हा उतार सुरुवातीलाच लागतो हे बरं, गुडघ्याची तब्येत कळते. इथेच यजमान कुरकुरायला लागले तर मठ बघा आणि गाडीने परत फिरा. मठापर्यंत डांबरी रस्ता आहे, पुढे नाही. हा निर्णय मठापाशी घ्यायचा. "जरा पुढे जाऊन बघू" असं इथे चालत नाही.

मठ मात्र चुकवू नका. समुद्रापासून सुमारे तीनशे मीटर उंचीवर उभ्या कड्याच्या खोबणीत बसवलेली ही पांढरी इमारत अवघी पाचेक मीटर रुंद आहे, आत मजल्यावर मजले आणि अरुंद जिने. परंपरेप्रमाणे १०८८ साली बायझंटाइन सम्राट अलेक्सियोस पहिला कोम्नेनोस ह्याच्या आश्रयाने तो उभा राहिला. आत मेरीमातेचं जुनं चित्र आहे. ईस्टरच्या आठवड्यात ते चित्र मठातून काढून बेटावरच्या गावागावांत नेतात, आपल्याकडे पालखी निघावी तसं, आणि माणसं बरोबर चालतात. मठ दुपारी बंद असतो, म्हणून सकाळीच पोचायला हवं. कपड्यांचा नियम कडक आहे: पुरुषांना पूर्ण विजार, बायकांना स्कर्ट. सलवारीला पुष्कळदा विजारच समजतात, तेव्हा पिशवीत एक मोठी ओढणी ठेवा आणि दाराशी कमरेला गुंडाळा. आत गेल्यावर पाहुण्यांना लुकूमी नावाची साखरेची वडी आणि मसाल्याचं गोड मद्य देण्याची रीत आहे. वडी घ्या. मद्य पीत असाल तरी तीन तासांचं ऊन पुढे आहे हे लक्षात असू द्या. हात जोडून नको म्हटलं तर कुणी रागावत नाही.

मठाजवळून आपली वाट, फलकांवरची क्रमांक १ची, ईशान्येला निघते. इथून पुढे फाटकं लागतात. कधी जुनी फळकुटं, कधी जाळीचा तुकडा, आणि खिळ्याला गुंडाळलेली तार. तार किती वेढे दिलेली आहे ते बघून सोडा, तिघं आत या आणि तितकेच वेढे देऊन पुन्हा बांधा. फाटक आधी उघडंच दिसलं तर उघडंच ठेवा. शेळ्या कुठे असाव्यात हे गुराख्याने ठरवलेलं असतं.

शेळ्यांवरून आठवलं. ह्या वाटेवर माणूस चुकतो तो शेळ्यांमुळे. उतारावर त्यांच्या असंख्य पायवाटा आडव्या गेलेल्या असतात आणि काही तर आपल्या वाटेपेक्षाही स्पष्ट दिसतात. ओळखायचं कसं? माणसांच्या वाटेला निदान एका बाजूला रचलेला दगड असतो, वळणाला खालून आधार दिलेला असतो, पायरीची कड तासलेली दिसते. शेळीची वाट उंची न बदलता सरळ जाते आणि झुडपाखालून घुसते. दोन्ही पोटऱ्यांना एकाच वेळी काटे लागायला लागले की समजा वाट सुटली. पुढे रेटू नका. शेवटचा फलक किंवा रंगाचा ठिपका जिथे दिसला होता तिथवर मागे या. तिकडची झुडपं बुटकी, गोल आणि कमालीची काटेरी असतात. म्हणून विजार पूर्ण लांबीची आणि पातळ कापडाची घ्या: काटे, ऊन आणि मठाचा नियम, तिन्ही एकात भागतं. मुलगा हाफपँट घालून येणार, हे मी आत्ताच सांगते. त्याची एक लांब विजार तुमच्या पिशवीत असू द्या.

दोन्ही बाजूंच्या दगडी बांधांवर बसायचा मोह होईल. बसू नका. हे बांध चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून केलेले आहेत. ह्या कलेला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, ग्रीससकट आठ देशांच्या नावाने. वरचा एक दगड निसटला की पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मागून सगळा बांध सुटत जातो. बसायचंच तर पुढे आस्फोन्डिलीटिसच्या आसपास गोल दगडी खळी दिसतील, मळणीची. तिथे बसा, खा, बूट काढून पाय मोकळे करा.

पाण्याचा हिशेब माणशी तीन लिटर, होराहून निघतानाच भरलेलं. वाटेत जुनी टाकी दिसतात, ती जनावरांसाठी आहेत. वाडीत कुणी भेटेल, काही विकत मिळेल, असं गृहीत धरू नका. मठापासून वाडीपर्यंत दोन लिटर आणि पुढे एक, अशी विभागणी मनाशी ठेवा. दर अर्ध्या तासाने प्यायचंच, तहान असो-नसो.

इथे बडोदेकरांचा एक खास गैरसमज आड येतो: "आम्ही बेचाळीस डिग्रीत राहतो, तुमचे पंचवीस डिग्री काय घेऊन बसलात!" बेचाळीस डिग्रीत आपण दुपारी बाहेर असतो कुठे? पंख्याखाली असतो. इथे सहा-सात तास सलग उन्हात असता, पांढरा दगड खालून ऊन परत फेकतो, आणि वारा घाम इतका पटकन वाळवतो की आपण किती पाणी गमावलं ते कळतच नाही. आपल्याकडे शर्ट चिंब झाला की माणूस आपोआप पाणी मागतो. तिकडे शर्ट कोरडा आणि डोकं जड, असं होतं. चिडचिड सुरू झाली, बोलणं कमी झालं, लघवी गडद झाली की सावली शोधत बसू नका, कारण ती नसतेच. टोपी ओली करा, मिठा-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घ्या, दहा मिनिटं बसा. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी, नाहीतर ती पहिल्या तासात समुद्रात जाईल.

कारण वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांत जोरात. आपली वाट कण्याच्या आग्नेय बाजूने जाते, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. ऐकायला बरं वाटतं, प्रत्यक्षात वारा धारेवरून खाली कोसळतो आणि झोत अचानक, डावीकडून बसतो. तिकडे वाऱ्याचा जोर बोफर्ट ह्या मापात, आकड्यांत सांगतात. अंदाज ५पर्यंत असेल तर निर्धास्त निघा, ६ला विचार करा, ७ किंवा वर असेल तर त्या दिवशी एग्यालीजवळच्या लांगाडा-थोलारिया ह्या दोन गावांमधली छोटी वाट चाला. तीही दगडी आहे, सुंदर आहे आणि दोन्ही टोकांना रस्ता आहे. खरं सांगायचं तर बेटावर पोचल्यावर पहिल्या दिवशी तीच चाला, गुडघ्याचीही चाचणी होऊन जाईल. मोठ्या वाटेसाठी दोन-तीन दिवसांची मोकळीक हवी म्हणजे वाऱ्याकडे बघून दिवस निवडता येतो.

मे अखेर का, हेही ह्यातच आलं. मेमध्ये दिवसाचं तापमान पंचविशीच्या आसपास, दिवस मोठा, मेल्टेमीचा जोर अजून यायचा असतो. दिवाळी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरात येते. तोवर बोटी कमी झालेल्या असतात, बरीचशी घरं आणि खाणावळी बंद होतात, पाऊस सुरू होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मग सूर्य सव्वापाच-साडेपाचलाच मावळतो. ओल्या काल्देरिमीवर अंधार पडताना उतरणं मला तरी पसंत नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध चालेल, पण तेव्हा तुम्हाला गणपती-नवरात्र सोडवणार नाही.

आस्फोन्डिलीटिसला पोचलात की घड्याळ बघा. होराहून नऊला निघालात, मठात तासभर गेला, तर दीड-दोन वाजले असतील. ठीक आहे. तीन वाजून गेले असतील किंवा पाणी एका लिटरच्या खाली असेल तर इथून वर गाडीरस्त्याकडे जाणारा फाटा घ्या. टॅक्सीचा नंबर सकाळीच मोबाइलमध्ये ठेवलेला असू द्या. बेटावर टॅक्स्या मोजक्याच आहेत, वाट बघायला लागेल. वाडीतल्या दगडांवर माणसांच्या, जनावरांच्या आकृत्या कोरलेल्या दिसतात त्या बघायला दहा मिनिटं काढा.

पुढचे दोन तास सोपे समजतात लोक, कारण मध्येच एग्यालीचा उपसागर आणि समोरचं निकुरिया बेट दिसायला लागतं. पाय तिथेच ढिले पडतात. पोटामोसपासून बंदरापर्यंत गावातल्या पायऱ्यांनी उतरायचं आहे. तोवर मांड्या दमलेल्या असतात, नजर समुद्रावर आणि एक हात फोटोच्या तयारीत. पोटामोसच्या आधी एकदा बसून घ्या, काठ्यांची लांबी पुन्हा बघा. यजमानांना पुढे ठेवा, म्हणजे चाल ते ठरवतील. मुलाला सगळ्यांत मागे.

खाण्याचं. थेपले, खाखरा, शेंगदाणे, खजूर आणि आपला लीलो चेवडो भरपूर न्या, वाटेवर ह्यापेक्षा चांगलं काही नाही. मात्र मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत, तेव्हा पेढे, श्रीखंड, चीज घरीच राहू द्या. खाणावळीत शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत: फावा नावाचं पिवळ्या डाळीचं दाट वरण वर कांदा घालून मिळतं, रेविथिया म्हणजे छोल्यांची आमटी, होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी लिंबू-तेल घालून, भात भरलेले टोमॅटो-मिरच्या. 'निस्तीसिमो' म्हणजे त्यांच्या उपासाचं काही आहे का असं विचारलंत तर मांस, अंडं, दूध नसलेलं दाखवतील, पण त्यांच्या उपासाला कोळंबी, माकूळ, शिंपले चालतात. ते नको, हे वेगळं सांगा. अमोर्गोसची नावाजलेली पाटाटाटो ही बटाट्याची भाजी वाटेल; तिच्यात बोकडाचं मटण असतं.

वाटाड्या? तुम्हा तिघांना नको. फलक आहेत, अनावासी ह्या ग्रीक प्रकाशनाचा कागदी नकाशा मिळतो, तो घ्या आणि मुलाच्या फोनवर नकाशा उतरवून ठेवायला सांगा. कड्याखाली सिग्नलवर विसंबू नका. मुक्कामाच्या घरी सांगून निघा की होराहून येतोय, सातपर्यंत पोचलो नाही तर फोन करा. आपत्कालीन क्रमांक सगळ्या युरोपात ११२ आहे. वाटाड्याचे पैसे मी एकाच कारणासाठी खर्च करायला सांगेन: मुलगा ऐनवेळी आला नाही आणि तुम्ही दोघंच उरलात तर.

भूकंपाचं कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून मीच सांगते. ९ जुलै १९५६ला अमोर्गोसजवळ सातच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामी आली होती. २०२५च्या फेब्रुवारीत सांतोरिनी आणि अमोर्गोसच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, दोन्ही बेटांवर आणीबाणी जाहीर करावी लागली. ह्यासाठी बेत रद्द करायची गरज नाही. मठाच्या आसपासचा भाग कड्याखालचा आहे, तेव्हा होराला पोचल्यावर दगड पडल्यामुळे वाटेचा कुठला तुकडा बंद आहे का, एवढं विचारा. बंद असेल तर बंदच समजा.

बोटीचं मुलावर सोपवा, पण दोन गोष्टी स्वतः बघा. अथेन्सच्या पिरिअस बंदरातून अमोर्गोसची बोट सात ते नऊ तास घेते आणि वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी अथेन्सला परता. आणि तिकिटावर काटापोला लिहिलंय की एग्याली ते वाचा. दोन्हींवर 'अमोर्गोस' लिहिलेलं असतं, मध्ये डोंगर आहे, आणि पहाटेच्या बोटीला बस मिळेलच असं नाही. काठ्या चेक-इनच्या बॅगेत टाका, हातात नेऊ देत नाहीत.